तिला शेंगा चालत नाहीत

माझ्या लेकीला शेंगदाणे चालत नाहीत. हे वाक्य मी इतक्या घरांच्या उंबऱ्यांवर उभं राहून बोलले आहे की आता झोपेतही बोलत असेन. आणि ते ऐकून समोरची बाई पहिलं काय विचारते? "सोमवार करते का गं एवढीशी पोर?" मी म्हणते, उपवास नाही हो, तिला चालत नाहीत. त्यावर ती हसते. "अगं, पण शेंगदाणे तर उपवासाला चालतात की!" आता या माउलीला सांगणार कप्पाळ!

आमच्या नगरकडे भाजीत कूट घालतात असं म्हणणं चूक आहे, आमच्याकडे कुटात भाजी घालतात. दोडका असो, गवार असो, भरली वांगी असोत, काकडीची कोशिंबीर असो, वरून शेंगदाण्याच्या कुटाची मूठ पडल्याशिवाय बाईला स्वयंपाक झाल्यासारखा वाटत नाही. ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की घातलं हेही तिला आठवत नाही. एकदा आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लेकीला वाटीत कोशिंबीर दिली. मी विचारलं, शेंगदाणे नाहीत ना? "छे हो, एकही दाणा नाही. जरासं कूट लावलंय फक्त." मी पोरीच्या हातातून वाटी अशी हिसकावली की कोशिंबीर भिंतीला लागली. काकू बघतच राहिल्या. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये मी जरा वेडसर आहे असं सगळ्यांचं मत आहे. असू दे म्हटलं.

लेक नुकती पावलं टाकायला लागली होती तेव्हा हे कळलं. कुणीतरी चिक्कीचा कण तिच्या जिभेवर ठेवला होता, कौतुकानं. बघता बघता तिच्या अंगावर गांधी उठल्या, डोळे सुजून मिटले. शेजारणी म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी चोळा. मी चोळलं. मलाही तेच ठाऊक होतं, लहानपणी आम्हा सगळ्यांना तेच चोळलेलं. पण ती श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला तेव्हा आमसुलाची वाटी तिथेच टाकून मी तिला उचलून धावले. डॉक्टरांनी नंतर समोर बसवून सगळं समजावलं. मी विचारलं, अगदी थोडंसं खाल्लं तर? ते म्हणाले, थोडंसं हा शब्द विसरून जा.

मग त्यांनी मला सुई द्यायला शिकवलं. औषधाची काचेची कुपी असते, तिची मान मोडायची, सिरिंजमध्ये औषध ओढायचं आणि मांडीत टोचायचं, कपड्यावरून टोचलं तरी चालतं, पण वेळ घालवायचा नाही. मी ब्लाउज शिवते. दिवसभर हातात सुई असते. तरी ती सुई हातात धरली की माझी बोटं माझी राहत नसत. त्या कुप्या आणि सिरिंजा एका लहान स्टीलच्या डब्यात घालून, डबा कापडी पिशवीत, आणि पिशवी माझ्या खांद्याला. भाजीला गेले तरी खांद्याला. नवरा इथेच नगरच्या नागापूर एमआयडीसीत कामाला आहे, त्याच्या शिफ्टा बदलत राहतात, म्हणजे पोरीबरोबर बहुतेक वेळ मीच. ती शाळेतून आली की मी आधी तिचं तोंड हुंगते. अजूनही. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास मला दुसऱ्या खोलीतून येतो. ज्या वासानं माझं सगळं लहानपण भरलेलं, त्याच वासाला मी आता घाबरते.

त्यामुळे लेकीचा मामाचा गाव सुटला. माझं माहेर सुप्याच्या अलीकडे, हायवेपासून बरंच आत. पूर्वी तिथे उन्हाळ्यात नुसती धूळ उडायची. गावानं बांधबंदिस्ती केली, विहिरींना पाणी टिकायला लागलं, आणि लोक उन्हाळी भुईमूग करायला लागले. सगळ्यांना आनंद, मला धसका. ऐन मे महिन्यात, पोरांच्या सुटीत, गावात घरोघर ओल्या शेंगा. उकडलेल्या, भाजलेल्या, पोरांच्या खिशात, ओसरीवर टरफलांचा सडा. मी दरवर्षी काहीतरी निमित्त काढून जायचं टाळत होते.

गेल्या उन्हाळ्यात दादानं हट्टच धरला. फोनवर म्हणाला, "शेंगा काढून, वाळवून पोती भरली बी. पोती शेडात हायेत, शेडाला कुलूप हाय. आंबा पाडाला आलाय. का पोरीला जन्मभर कोंडून ठिवनार हायेस?" वहिनीनं फोन घेऊन सांगितलं की तिनं मिक्सरची भांडी उकळून काढलीत, डबे घासलेत, कुटाचा डबा घराबाहेर काढलाय. वहिनीला कळलं होतं. तिनं मला सतरा प्रश्न विचारले, तेव्हाच मला कळलं की हिला कळलंय. आणि माझी लेक, आठ वर्षांची, शेजारी उभी राहून तोंडाकडे बघत होती. गेलो.

दादाच्या घरात नानीही असते. नानी म्हणजे माझी चुलती. माझी आई लवकर गेली, मला नानीनंच वाढवलं, लग्न लावून दिलं, बाळंतपणही तिनंच केलं. लेकीला पहिली आंघोळ तिनं घातलेली. गेल्या गेल्या मी नानीला जवळ बसवून सांगितलं, नानी, हिला शेंगा चालत नाहीत. नानीनं मान हलवली. "व्हय गं, म्हायत हाय मला. सुनबाईनं सांगितलंय. न्हाई चालत तर न्हाई." आणि खरंच, तिनं जे पाळलं ते बघून मलाच लाज वाटली. शेंगा हाताळल्या असतील तर हात धुऊन, लुगडं बदलून मगच ती पोरीला जवळ घ्यायची. कुणी पोरगं शेंगा खात ओसरीवर आलं की हाकलून द्यायची, "तिकडं हो, इथं चालत न्हाई!"

आणि मग ते दिवस इतके छान गेले की काय सांगू. लेकीनं वेलावरून काकडी तोडली आणि तिथेच, न धुता, मीठही न लावता कडाकडा खाल्ली. टोमॅटो उन्हानं कोमट झालेले, ते चावले की रस हनुवटीवर. कांदा बुक्कीनं फोडून भाकरीबरोबर. आंबे तर विचारू नका. आमच्या बांधावर गावरान आंबा आहे, फळ लहान, केसाळ, पण गोड असा की पाडाचा एक चोखला की दुसऱ्याला हात जातोच. पोरीच्या कोपरापर्यंत ओघळ, फ्रॉक पिवळा, आणि विचारणं नाही, हुंगणं नाही, लेबल वाचणं नाही. झाडाचं फळ, त्यात कोण काय घालणार? मी तिला मोकळेपणानं खाताना पहिल्यांदा बघत होते. पिशवी मात्र खांद्याला होतीच.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यात होतो. मी आणि वहिनी आंब्याखाली बसून लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होतो. नानी नाहून, स्वच्छ लुगडं नेसून आली. हातात झाकलेलं ताट. विहिरीजवळ शेंदूर लावलेला दगड आहे, आमच्या रानाचा म्हसोबा, तिकडे निघाली होती. लेक तिच्या मागे उड्या मारत. मी विचारलं, "नानी, ताटात काय?"

"निवद हाय," नानी म्हणाली.

देवाला दाखवायच्या आधी निवदाला कुणी हुंगत नाही, झाकण काढून बघत नाही. मला वाटलं, दहीभात असेल, नेहमीसारखा. मी विळीकडे वळले. हे मी आजही मनात पुन्हा पुन्हा करते. विळी टाकून उठते, ताटावरचं झाकण काढते. पण तेव्हा मी नाही उठले.

थोड्या वेळानं लेक परत आली. चालत आली, पळत नाही. माझ्यापाशी उभी राहिली आणि वरचा ओठ दातांनी खाजवत म्हणाली, "आई, ओठ चावतोय."

मी तिचं तोंड धरलं आणि हुंगलं. गूळ आणि भाजलेला शेंगदाणा.

माझ्या तोंडून काय निघालं ते मला माहीत नाही. वहिनी सांगते की मी इतक्या जोरात ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. मी पोरीला हलवत होते, काय खाल्लंस, काय खाल्लंस? ती रडायला लागली. "मी विचारलं होतं आई. मी नानीला विचारलं, यात शेंगदाणे आहेत का. नानी म्हणाली, परसाद हाय बाय, परसादाला असं इचारू न्हाई." तेवढ्यात मानेवर गांधी दिसायला लागल्या. मग हातांवर. डोळ्याखाली फुगवटा आला. ती खोकली, आणि पुढचं वाक्य बोलली ते घोगऱ्या आवाजात. तो आवाज माझ्या पोरीचा नव्हता.

नानी मागून आली. तिनं गांधी बघितल्या आणि तिचे हात आपोआप चालू झाले, मला वाढवताना चालायचे तसे. "अगं बया, पित्त उठलं! आमसूल आना! घोंगडं आना, गुंडाळा तिला!" विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून घोंगडी आणून तिनं पोरीभोवती गुंडाळली, त्या मेच्या उन्हात, आणि घट्ट मिठी मारून बसली. मी पिशवीतून डबा काढला होता. पण मांडीच सापडेना. सगळी पोर घोंगडीत, आणि घोंगडीवर नानी.

"सोड तिला!"

"वारं लागंल गं तिला—"

"सोड म्हणते ना!" मी नानीला ढकललं. ज्या बाईनं मला घास भरवले तिला मी छातीला हात लावून मागे ढकललं आणि ती मातीत बसली. कुपीची मान मोडताना माझ्या हातातच कुपी फुटली. औषध बोटांवरून ओघळून गेलं, काच तळहातात. डब्यात दुसरी होती. देवा, दुसरी होती. वहिनीनं माझं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट. कुपीची मान मोडली. औषध ओढलं. पोर ओकत होती. मी फ्रॉकवरूनच मांडीत सुई घातली आणि ती ओरडली नाही. ती ओरडली नाही याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

दादानं कांद्याची पिकअप काढली. मी पुढे, पोर मांडीवर. तो कच्चा रस्ता मी आयुष्यभर हसत-खेळत तुडवलाय, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला मी दादाला शिव्या घातल्या. हळू म्हणून पण, आणि पळव म्हणून पण. तिच्या बरगड्यांमधली कातडी श्वासासरशी आत ओढली जात होती. मी हात तिच्या छातीवर ठेवला होता आणि प्रत्येक वेळी छाती खाली गेली की पुन्हा वर येईपर्यंत माझा जीव थांबायचा. मी तिला बोलतं ठेवायला आंब्यांबद्दल विचारत होते. हायवे लागेपर्यंत ती फक्त एकदा बोलली. "आई, मी विचारलं होतं." जणू मी तिला रागावले होते.

सुप्याच्या दवाखान्यात त्यांनी तिला माझ्या हातातून घेतलं आणि आत नेलं. आणखी एक सुई, नळ्या, तोंडावर मास्क. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी. माझ्या तळहातातून रक्त येत होतं हे नर्सनं दाखवलं तेव्हा मला कळलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, सुई दिलीत ते बरं केलंत, आता श्वास मोकळा होतोय, पण हे पुन्हा उलटू शकतं, तेव्हा उद्यापर्यंत हलायचं नाही. पुन्हा उलटू शकतं. मी तिच्या खाटेशी बसले आणि पापणी लवली तरी दचकत राहिले.

दुपारी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून नानी आली. आत नाही आली. दाराबाहेर भिंतीला टेकून फरशीवर बसली, पदर तोंडात. मी बाहेर गेले ते भांडायलाच. आख्खा दवाखाना ऐकत होता, ऐकू दे! मी म्हणाले, "एवढं पाळलंस, एवढं सोवळं केलंस, आणि पोर तोंडानं विचारत होती तरी चारलंस? का? माझं सांगितलेलं तुला खोटं वाटलं?"

"खोटं न्हाई गं," नानी म्हणाली. तिला नीट बोलताही येत नव्हतं. "मला वाटलं, तू कायतरी बोललीयास देवाला. पोरीसाटी. नेम धरलायस. म्हनून तिला शेंगा चालत न्हाईत. एवढंसं लेकरू, सगळी पोरं खात्यात आन् ती बघत बसती. माझ्या जिवाला लई लागायचं. म्हनून मी नव्या पिकाचा निवद केला. घरात न्हाई केला, तुला घरात चालत न्हाई म्हनून रानात तीन दगडांवर भाजल्या, पाट्यावर वाटल्या, गुळात वळल्या. देवाफुडनं आलेलं खाल्लं की नेम मोडत न्हाई, सुटतो. दोष लागत न्हाई. मी देवाला सांगितलं, काय असंल ते माझ्यावर घे, पोरीला मोकळी कर."

तिला मोकळी करायला गेली होती ही बाई.

मग नानीनं पदर बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं. आता तीही चिडली होती. "तू चालत न्हाई म्हनलीस. मला एकादशीला भात चालत न्हाई, मंगळवारी मटन चालत न्हाई, सुतकात गोड चालत न्हाई. त्यानं कुनी मरत न्हाई. तू पोर मरंल म्हनली असतीस, तर मी ती शेंग गावात ठिवली असती व्हय?"

ते खरं होतं. मी कधीच, कुठेच, तो शब्द उच्चारला नव्हता. शाळेत नाही, शेजारी नाही, वहिनीला नाही, नवऱ्यालाही नाही. आपल्या पोराबद्दल असलं अभद्र कोण आई बोलते? वास्तू तथास्तु म्हणत असते, असं याच नानीनं मला शिकवलं होतं. म्हणून मी चालत नाही म्हणायचे, त्रास होतो म्हणायचे, सोसत नाही म्हणायचे, आणि ऐकणारे आपापल्या परीनं समजून घ्यायचे. मला त्या शब्दाची भीती वाटत होती, शेंगांइतकीच. नानीला मात्र मी त्या दुपारी माफ केलं नाही. तिच्या शेजारी फरशीवर बसले, एवढंच. आतून लेकीनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "नानी आली का?" तेव्हा नानी उठून आत गेली, आणि दोघीही रडल्या.

दुसऱ्या दिवशी सोडलं. घरी आल्यावर मी लेकीला समोर बसवलं आणि तो शब्द सांगितला. म्हटलं, बाळा, शेंगदाणा, कूट, चिक्की, काहीही, कुणीही दिलं, देवाचं म्हणून दिलं तरी, ते खाल्लं तर तू मरू शकतेस. हे असंच सांगायचं सगळ्यांना. चालत नाही म्हणायचं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "खेळायला जाऊ?"

शाळा सुरू व्हायच्या आधी खालच्या काकूंनी आम्हाला आमरसाला बोलावलं. शेवटचे आंबे होते. मी उंबऱ्यातच बोलायचं ठरवून गेले होते, शब्द जुळवत. पण लेक माझ्या आधी आत घुसली आणि पाटावर जाऊन बसली. काकूंनी ताट वाढलं. रस, पोळ्या, कुरडई, आणि कडेला वाटीत काकडीची कोशिंबीर.

"काकू, यात कूट आहे का?" लेक म्हणाली. "असलं तर सांगा हं. मी मरेन."

अगदी सहज. पाणी द्या म्हणावं तसं. ओठांवर आधीच रस लागलेला. काकूंचा हात रसाच्या पातेल्यावर तसाच थांबला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. शुभ बोल गं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"खरं आहे ते, काकू," मी म्हणाले.